आयएसआय मार्कामागचा एक दिवस

सकाळी 7:40

अंधेरीहून विरारची लोकल. या वेळी गर्दीचा लोंढा चर्चगेटकडे जात असतो, त्यामुळे आमच्या दिशेला खिडकीशी जागा मिळते. खांद्याच्या बॅगेत सुती कापड, सुतळी, लाख, कार्यालयाचं सील आणि कारखान्याची फाइल. वसईतल्या ज्या कारखान्यात मी चाललो आहे, तिथल्या कुणालाही मी येतोय हे माहीत नाही. परवाना दिल्यानंतरची तपासणी पूर्वसूचनेशिवायच करायची असते. सांगून गेलं, तर तपासण्यासारखं फारसं काही उरत नाही.

मी भारतीय मानक ब्यूरोचा अधिकारी. लोक आम्हाला अजून ‘आयएसआयवाले’ म्हणतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. भारतीय मानक संस्था (आयएसआय) 6 जानेवारी 1947 रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, सुरू झाली. 1 एप्रिल 1987 पासून तिच्या जागी ब्यूरो आला, पण मार्क तोच राहिला. संस्थेच्या पहिल्या क्रमांकाचं मानक कशाचं, हे मी नव्या लोकांना मुद्दाम सांगतो: राष्ट्रध्वजाचं. आयएस 1, साल 1951. कापड, रंग, लांबी-रुंदीचं प्रमाण, सगळं त्यात लिहिलेलं. नव्या देशाला आपला झेंडा सगळीकडे सारखाच दिसायला हवा होता, आणि तो तसा दिसावा यासाठी कुणीतरी बसून बारकाईने लिहिणं भाग होतं. आमचं काम तेव्हापासून हेच आहे.

सकाळी 9:30

वसईची औद्योगिक वसाहत. गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, “साहेब, कोणाकडे?” ओळखपत्र दाखवलं, तसा तो फोनकडे धावला. दोन मिनिटांत गुणवत्ता विभागातल्या तरुण मॅडम बाहेर आल्या. “सर, या ना. चहा घेणार?” चहा नंतर, आधी प्रयोगशाळा.

इथे घरगुती प्रेशर कुकर बनतात. त्यांचं मानक आयएस 2347. पहिल्यांदा रजिस्टर पाहतो. कोणत्या तारखेला किती माल निघाला, प्रत्येक बॅचमधले किती कुकर तपासले, नापास झालेल्यांचं काय केलं. नापासाचा रकाना कोराच असेल तर मला बरं वाटत नाही, जास्त खोदून पाहावं लागतं. आज त्या रकान्यात नोंदी होत्या, कारणंही लिहिली होती. मग दाबमापक. त्याच्या अंशांकनाची मुदत संपली असेल, तर त्यावर घेतलेल्या सगळ्या चाचण्यांना अर्थ उरत नाही. मुदत शिल्लक होती.

मग माझ्यासमोर चाचणी. कुकर पाण्याने काठोकाठ भरून पंपाने आत दाब चढवायचा आणि झाकण, कडा, हँडलचे रिव्हेट कुठून पाणी झिरपतं का, भांडं फुगतं का ते पाहायचं. हवेऐवजी पाणी घेण्यामागे विचार आहे. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. भांडं फुटलं तरी तुकडे उडत नाहीत.

पण माझं सगळ्यात जास्त लक्ष असतं सेफ्टी व्हॉल्व्हवर. डाळीचं साल शिट्टीच्या छिद्रात अडकलं की वाफेला वाट उरत नाही. ही काही दुर्मीळ गोष्ट नाही, दर स्वयंपाकघरात कधी ना कधी घडते. अशा वेळी झाकणातला छोटा व्हॉल्व्ह आतला मिश्रधातू वितळून उघडला पाहिजे, आणि ठरलेल्या मर्यादेतच उघडला पाहिजे. लवकर उघडला तर बाई वैतागून त्यात भलतंच काही ठोकून बसवेल, उशिरा उघडला तर झाकण छताला जाईल. त्या इवल्याशा भागासाठी मानकात स्वतंत्र चाचणी आहे, आणि ती लिहिणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना ओट्याशी उभी असलेली व्यक्ती दिसत होती.

दुपारी 12:45

गोदामातल्या थप्पीतून नमुने मी निवडतो, कारखाना नाही. एक प्रयोगशाळेकडे जाईल, प्रतिनमुना सीलबंद करून इथेच राहील. कापडात गुंडाळून सुतळी बांधली, लाख वितळवून सील उठवलं, दोघांच्या सह्या झाल्या. उद्या अहवालावर वाद झाला तर त्या सह्याच कामाला येतील.

मालक भेटायला आले. म्हणाले, “साहेब, आम्ही एवढं करतो, आणि बाजारात मार्क नसलेला कुकर निम्म्या भावात विकतो कुणीतरी.” तक्रार खरी आहे. भारतीय मानक मुळात ऐच्छिक असतं. केंद्र सरकारने गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, तरच ते सक्तीचं होतं. कुकरसाठी तसा आदेश 1 फेब्रुवारी 2021 पासून लागू आहे, म्हणजे मार्क नसलेला कुकर विकणं बेकायदा आहे. तरीही तो विकला जातो, ऑनलाइनसुद्धा. यावर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कारवाया केल्या आहेत. माझं मत स्पष्ट आहे: प्रामाणिक कारखान्याची तपासणी करणं सोपं, कारण त्याचा पत्ता ठाऊक असतो. खरी कसोटी बेनामी मालाची.

दुपारी 3:30

लोहार चाळ, काळबादेवी. इथे मी अधिकारी म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो. घरातल्या वायरिंगची पीव्हीसी वायर घेतली, मानक आयएस 694, पक्कं बिल घेतलं. कारखान्यातला नमुना चांगला निघतो, पण माणसं विकत घेतात तो माल दुकानातला असतो, म्हणून बाजारातूनही नमुने उचलावे लागतात. वायरमध्ये चोरी होते ती तांब्याची. बाहेरचं आवरण जाड, आत तार बारीक. हाताला कळत नाही, भिंतीत गेल्यावर तर नाहीच. विद्युत रोध मोजला की कळतं. तांबं कमी असेल तर रोध वाढतो, वायर तापते, आणि मग बातमीत ‘शॉर्टसर्किट’ एवढंच छापून येतं.

संध्याकाळी 5:15

मरोळचं कार्यालय, मानकालय. नमुन्यांच्या नोंदी, वसईचा अहवाल. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर आलेली एक तक्रार: दागिन्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, टाकला तर दुसऱ्याच वस्तूची माहिती येते. हॉलमार्कचं काम पाहणाऱ्या सहकाऱ्याकडे ती पाठवली.

शेवटचं काम दिल्लीला पाठवायच्या टिप्पणीचं. मानकं लिहिणाऱ्या समित्यांत उत्पादक असतात, प्रयोगशाळा, संशोधक, सरकारी खाती, ग्राहक संस्था असतात. मसुदा सहसा साठ दिवस सर्वांसाठी खुला असतो. उत्पादकांच्या सूचना भरभरून येतात, कारण एकेका मिलिमीटरमागे त्यांचे पैसे असतात, आणि त्या सूचना मोलाच्याही असतात. पण वस्तू वापरणाऱ्यांच्या टिप्पण्या फार थोड्या. वायरमन, गवंडी, स्वयंपाकीण, हेल्मेट घालून रोज पन्नास किलोमीटर जाणारा डिलिव्हरीवाला, यांना जे ठाऊक आहे ते समितीच्या खोलीत पोचत नाही. हा या यंत्रणेतला सगळ्यात मोठा उणेपणा आहे असं मी मानतो.

म्हणून वाचणाऱ्यांना दोन विनंत्या. पुढच्या खरेदीत नुसतं आयएसआय हे चिन्ह पाहून थांबू नका. वर आयएस क्रमांक आणि खाली सीएमएल परवाना क्रमांक आहे का ते पाहा, आणि तो अॅपवर टाकून खात्री करा. नसेल किंवा जुळत नसेल, तर तिथूनच तक्रार करा. दुसरी विनंती अशी: तुमच्या रोजच्या हत्याराचा, भांड्याचा, वायरीचा मसुदा ब्यूरोच्या संकेतस्थळावर खुला झाला, तर तो वाचा आणि तुमचा अनुभव लिहून पाठवा. त्याला पदवी लागत नाही, शुल्कही नाही.