मेंदूचे चित्र आणि मनाचा आजार
नॅन्सी अँड्रियासन या अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवीत. कवी जॉन डन हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. पहिल्या बाळंतपणानंतरच्या गंभीर जंतुसंसर्गातून त्या वाचल्या आणि वैद्यकाकडे वळल्या.

पुढे मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांनी छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, रुग्णांच्या मेंदूंचा एमआरआयने अभ्यास केला. या रुग्णांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा सरासरीने मोठ्या आढळतात. एके काळी अमेरिकेतही या आजाराचा दोष आईच्या संगोपनाला देत. तो समज आता टिकत नाही. मात्र ‘सरासरीने’ हा शब्द विसरू नये. फरक गटागटांत दिसतो. एकट्या रुग्णाचे चित्र पाहून निदान होत नाही. ते रुग्णाशी आणि घरच्यांशी बोलूनच करावे लागते.

२०११ साली त्यांच्याच गटाने एक अवघड निष्कर्ष मांडला: औषधांची मात्रा जास्त असलेल्यांत मेंदूची घटही जास्त दिसली. म्हणून औषध आपल्या मनाने सोडू नये. पुरेशी तेवढीच मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. घराण्याच्या अब्रूसाठी आजार झाकून ठेवू नये. उपचार लवकर सुरू झाले, तर रुग्ण सावरण्याची शक्यता वाढते.