रक्तदाबावरील औषधाची निवड आणि रुग्णाचे अन्य आजार

सन १९४९ मध्ये मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबवृद्धीवरील परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, आणि भारतीय वैद्यकास पूर्वापार परिचित असलेल्या या वनस्पतीकडे पाश्चात्त्य चिकित्सकांचे लक्ष वेधले गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रक्तदाब उतरविण्याचे त्याचे सामर्थ्य वादातीत होते. तथापि त्याने जठरातील अम्लस्राव वाढत असल्यामुळे जठरव्रणाच्या रुग्णास ते वर्ज्य ठरले, आणि नैराश्याचा पूर्वेतिहास असलेल्या रुग्णास ते देण्यास चिकित्सक कचरू लागले. नैराश्याचा दोष खरोखर या औषधाकडे कितपत जातो, याविषयी पुढे मतभेद झाले, ही गोष्ट निराळी. रक्तदाबाबरोबर दुसरा आजार असला की दाबाचा आकडा औषधाची निवड करण्यास पुरत नाही, हे मात्र तेव्हापासूनच स्पष्ट झाले होते.

बीटा-रोधक औषधांचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. ही औषधे हृदयाची गती व आकुंचनशक्ती कमी करतात. दम्याच्या रुग्णात त्यांमुळे श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो. म्हणून तेथे ती टाळावयाची, हा नियम आजही कायम आहे. दुर्बल झालेल्या हृदयासही ती घातक, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती आणि ती तर्कास धरून होती. परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत, एकीत बिसोप्रोलॉल व दुसरीत मेटोप्रोलॉल अल्प मात्रेपासून हळूहळू वाढवीत दिले असता, आकुंचनशक्ती घटलेल्या हृदयाच्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने घटले. दुर्बल हृदयावर अनुकंपी चेतासंस्थेचा सतत पडणारा ताण हाच मुख्यतः अपायकारक होता, असा त्याचा उलगडा झाला.

याच्या उलट डॉक्साझोसिनचे झाले. पुरःस्थ ग्रंथी वाढून मूत्रोत्सर्गास अडथळा होणाऱ्या वृद्ध रुग्णास एकाच गोळीने दोन्ही लाभ मिळावेत, अशी अपेक्षा होती. अमेरिकेतील ‘ऑलहॅट’ या चाचणीत मात्र क्लोरथॅलिडोन या मूत्रल औषधाच्या तुलनेने डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत हृत्कार्यक्षीणतेचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले, आणि २००० मध्ये चाचणीचा तो भाग बंद करण्यात आला. दोन्ही गटांतील दाबाचा फरक अवघा दोन-तीन मिलिमीटरचा होता. केवळ दाबाची नोंद पाहणाऱ्यास या धोक्याची चाहूलही लागली नसती.

निवडीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा होतो तो मूत्रपिंडात. तेथील प्रत्येक केशिकागुच्छात रक्त एका धमनिकेने येते व दुसरीने बाहेर जाते. अँजिओटेन्सिन हे द्रव्य प्रामुख्याने बाहेर जाणारी धमनिका आकसविते. त्यामुळे गुच्छातील दाब वाढतो व गाळणक्रिया टिकून राहते. मधुमेहात हाच वाढलेला दाब गुच्छाची नासाडी करतो. कॅप्टोप्रिल व त्याच्या वर्गातील औषधे अँजिओटेन्सिनची निर्मिती रोखून बाहेरची वाट रुंद करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाने मूत्रपिंड बाधलेल्या ४०९ रुग्णांवरील चाचणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत कॅप्टोप्रिलमुळे रक्तातील क्रिएटिनीन दुप्पट होण्याचा धोका सुमारे निम्म्यावर आला, आणि हा लाभ निव्वळ दाब उतरल्याने मिळणाऱ्या लाभाहून अधिक होता.

गुच्छातील दाब उतरला की आरंभी गाळणही थोडे घटते व क्रिएटिनीन किंचित चढते. ही वाढ ३० टक्क्यांच्या आत राहून पुढे स्थिरावली, तर ती औषध लागू पडत असल्याचे चिन्ह मानावयास हरकत नाही. प्रत्यक्षात अनेकदा एवढ्यावरूनच औषध बंद केले जाते, आणि ज्यास त्याची सर्वाधिक गरज, तोच रुग्ण त्यास मुकतो. मूत्रपिंडाचा विकार पुष्कळ पुढे गेलेल्या ४११ रुग्णांवरील ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. हा औषधवर्ग थांबविल्याने मूत्रपिंडाचे कार्य सुधारत नाही, असे तीन वर्षांच्या निरीक्षणातून तीत आढळले.

मात्र दोन्ही मूत्रपिंडांच्या मुख्य धमन्या अरुंद झाल्या असतील, तर गाळण सर्वस्वी त्या आकसलेल्या धमनिकेवर अवलंबून असते. तेथे हेच औषध काही दिवसांत मूत्रपिंड बंद पाडू शकते. म्हणून औषध सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांच्या आत क्रिएटिनीन व पोटॅशियम तपासणे अगत्याचे असते. पोटॅशियम बेसुमार वाढल्यास हृदयाचा ठोका चुकू लागतो. एक औषध हितकर तर दोन अधिक हितकर, या समजुतीने रॅमिप्रिल व टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहण्यात आले. २००८ मधील ‘ऑनटार्गेट’ चाचणीत लाभ वाढला नाही, मूत्रपिंडास अपाय मात्र वाढला.

सांधेदुखी हा आजार रक्तदाबाच्या संदर्भात क्षुल्लक वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके केशिकागुच्छाकडे येणारी धमनिका आकसवितात. रुग्ण मूत्रल व अँजिओटेन्सिनरोधक अशी दोन्ही औषधे घेत असेल, तर येणारी वाट अरुंद, जाणारी रुंद आणि वाहते रक्त आधीच घटलेले, अशी तिहेरी आपत्ती ओढवते. ही वेदनाशामके दुकानात चिठ्ठीविना सर्रास मिळतात. म्हणून गुडघ्यासाठी काही घेतो काय, हे रुग्णास मुद्दाम विचारावे लागते. तो होऊन ते सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नव्हे.

मूत्रल औषधांनी यूरिक अम्ल वाढून वातरक्त उद्भवते, ही अडचण जुनीच आहे. मूत्रपिंड फार क्षीण झाले की थायाझाइड वर्गातील व तत्सम मूत्रले निरुपयोगी ठरतात, हे पाठ्यपुस्तकांतील विधान मात्र २०२१ मध्ये क्लोरथॅलिडोनने खोडून काढले: चौथ्या अवस्थेतील १६० रुग्णांत त्याने बारा आठवड्यांत आकुंचनकालीन दाब सुमारे ११ मिलिमीटरने उतरविला.

मधुमेही स्त्री गर्भवती झाली की तिच्या मूत्रपिंडांचे रक्षण करणारे औषध तत्काळ बंद करावे लागते. गर्भाच्या मूत्रपिंडांची वाढ व कार्य अँजिओटेन्सिनवर अवलंबून असते. ते रोखले गेल्यास विशेषतः चौथ्या महिन्यापासून गर्भजल आटते व फुप्फुसांचीही वाढ खुंटते. अशा वेळी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन अथवा अन्यत्र जवळजवळ विस्मृतीत गेलेले मिथिलडोपा योजितात.