परतून आलेले सूर

कलावंताच्या आयुष्यातील सर्वांत अवघड क्षण पहिल्या प्रवेशाचा असतो, असे सामान्यतः मानले जाते. आम्हांस तसे वाटत नाही. पहिल्या प्रवेशाच्या वेळी अंगात तारुण्याची रग असते आणि चुकल्यास सावरून घेण्यास सारे आयुष्य पुढे असते. खरी कसोटी लागते ती वीस-पंचवीस वर्षांच्या मौनानंतर पुन्हा त्याच व्यासपीठावर उभे राहताना. आवाज पूर्वीचा राहिलेला नसतो, बोटांची चपळाई ओसरलेली असते, आणि समोरच्या श्रोत्याने मनात जपलेला सूर मात्र अजून जुनाच असतो. १९९५ साली लॉर्ना कोर्देरो यांनी ही कसोटी दिली. ट्रम्पेटवादक व संगीतकार ख्रिस पेरी यांच्या वाद्यवृंदाबरोबर एके काळी मुंबईची हॉटेले आणि गोव्यातील मैदाने गाजविणारी ही गायिका जवळजवळ दोन तपे गप्प होती. रॉनी मॉन्सेरात या संगीतकाराने त्यांना पुन्हा गाते केले, ‘हॅलो लॉर्ना’ हा गीतसंग्रह निघाला, आणि गोव्याने त्या मौनाचा हिशेब न मागता त्यांना पुन्हा आपले म्हटले.

लॉर्नाबाईंचे गाणे काटेकोर अर्थाने रॉक नव्हे. जाझ, बीट आणि कोकणी गीत यांचा तो संगम. परंतु गिटार, ड्रम आणि ट्रम्पेट हाती घेऊन गोमंतकीय तरुणांची जी पिढी १९६० नंतर पुढे आली, तिच्या साऱ्या खटाटोपाचे ते प्रतीक आहे. त्या पिढीतले वादक आज सत्तरीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. अशा जुन्या साथीदारांनी एकत्र येऊन पुन्हा एक संध्याकाळ वाजविणे हा केवळ त्यांच्या आठवणींचा खाजगी सोहळा आहे, की समाजाचेही त्यात काही काम आहे, हा आजचा आमचा विषय आहे.

पुनर्भेटीचे हे सोहळे जगात नवे नाहीत. अमेरिकेतील ‘ईगल्स’ हा वाद्यवृंद १९८० साली फुटला आणि १९९४ साली पुन्हा जमला. इंग्लंडमधील ‘लेड झेपेलिन’ हा वृंद ड्रमवादकाच्या मृत्यूमुळे १९८० सालीच संपला होता. त्याचे उरलेले तीन साथीदार १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये एका रात्रीपुरते एकत्र आले, तेव्हा दिवंगत ड्रमवादकाच्या जागी त्याचा मुलगा बसला होता. अशा सोहळ्यांत पैशाचा भाग असतो, जाहिरातीचाही असतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. परंतु बापाच्या रिकाम्या आसनावर बसलेला मुलगा हे दृश्य पैशाच्या हिशेबात मावत नाही. पुनर्भेटीचा खरा अर्थ त्या एका आसनाने सांगितला, असे आम्ही समजतो.

याहून बोलके उदाहरण क्यूबाचे. १९९६ साली हवाना शहरात काही विस्मृत वादक-गायक गोळा करून काही दिवसांत एक ध्वनिमुद्रण करण्यात आले. गायक इब्राहिम फेरेर तेव्हा बूट पुसून चरितार्थ चालवीत होते. रुबेन गोन्झालेस या थोर पियानोवादकाच्या घरी स्वतःचा पियानो नव्हता. कोंपाय सेगुंदो नव्वदीला टेकले होते. १९९७ साली ‘बुएना विस्ता सोशल क्लब’ या नावाने ती तबकडी निघाली आणि या वृद्धांच्या मैफलींना जगभर गर्दी लोटली. २००३ साली सेगुंदो व गोन्झालेस दोघेही गेले. २००५ साली फेरेर गेले. म्हणजे हाती असलेली मुदत उणीपुरी दहा वर्षांची होती. ते मुद्रण आणखी दशकभर लांबते, तर जगाला यांतला एकही सूर या रूपात ऐकावयास मिळाला नसता.

आपल्याकडेही हा प्रवाह पूर्वीच आला होता. १९७० व १९७१ साली एका सिगारेट कंपनीने भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धेत देशभरातील तरुण वाद्यवृंद उतरले आणि त्यांच्या तबकड्याही निघाल्या. मराठी वाचकांना जवळचे नाव सांगावयाचे तर नंदू भेंडे यांचे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे या नाट्यदांपत्याच्या या चिरंजीवांनी मुंबईच्या रॉक वृंदांतून गाणे केले आणि १९७८ साली पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त तोच बाज मराठी रंगभूमीवर आणला. नाट्यसंगीतावर पोसलेल्या प्रेक्षकांनी तो ऐकून घेतला. २०१४ साली भेंडे निवर्तले. मुंबईतच १९८४ साली स्थापन झालेला ‘रॉक मशीन’ हा वृंद पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, १९९७ साली विसर्जित झाला आणि २०१० साली पुन्हा उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही त्यांतली नावे वाचली की हे संगीत ‘त्यांचे’ आणि आपले वेगळे, ही समजूत किती तकलादू आहे ते ध्यानी येते.

तरीही ती समजूत आहे, आणि पेडणे-डिचोलीत ती विशेष आहे. तिला इतिहासाचे कारण आहे. बार्देस व सासष्टी हे प्रांत १५४३ साली पोर्तुगिजांकडे गेले. पेडणे १७८८ साली गेले, डिचोलीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच. जुन्या काबिजादींत चर्चच्या शाळेतून मुलांना सुरांची लिपी वाचावयास शिकविली गेली. व्हायोलिन हाती आले ते तेथूनच. नव्या काबिजादींत देवळे राहिली, आणि देवळांबरोबर भजन, दिंडी, काला, दशावतार आणि संगीत नाटक हेही राहिले. एकीकडे कागदावरून वाजविणारा वादक घडला, तर दुसरीकडे गुरूच्या तोंडून ऐकून कंठस्थ करणारा. मध्ये शापोरा नदी होती. शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी माणसे होडीने पलीकडे जात. सूर मात्र सहसा होडीत चढले नाहीत.

वास्तविक गोव्यातील स्वतंत्र बाण्याचे रॉक ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते रेमो फर्नांडिस याच नदीच्या काठावरील शिवोलीचे. शाळकरी वयात त्यांनी मित्रांसह वृंद बांधला, पुढे मुंबईस वास्तुशास्त्राची पदवी घेतली, आणि परत येऊन शिवोलीच्या घरातच लहानशा यंत्रावर एकट्याने सर्व वाद्ये वाजवून ‘गोवन क्रेझी’ हा संग्रह १९८४ साली मुद्रित केला. कोणत्याही मोठ्या कंपनीचा हात नसताना त्याच्या ध्वनिफिती त्यांनी स्वतः दुकानोदुकानी पोहोचविल्या. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. चोपड्याच्या काठावरून दिसणाऱ्या गावात हे घडत होते, आणि पेडण्याच्या आमच्या किती घरांत त्याची वार्ता होती, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

परकेपणाची ही भावना अज्ञानातून आलेली आहे, हे दाखविण्यास दूर जावे लागत नाही. १९५१ सालच्या ‘अलबेला’ चित्रपटातील गाणी आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होती. संगीत सी. रामचंद्र यांचे, नायक भगवानदादा, दोघेही मराठी. त्या संगीताला पाश्चात्त्य थाट देणारे चिक चॉकोलेट हे मात्र हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ. ‘अमर अकबर अँथनी’ या १९७७ सालच्या चित्रपटातील नायकाचे नाव संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूवरून आणले. ते गुरू माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. सेबास्तियन डिसोझा यांच्या वाद्यरचनेवाचून शंकर-जयकिशन यांची गाणी आज आहेत तशी ऐकू आली नसती. डिचोलीच्या बाजारातील रेडिओवर जे गाणे वाजत असे, त्यातल्या व्हायोलिनचे गज आणि ट्रम्पेटचा श्वास सासष्टी-बार्देसच्या माणसांचा होता. आम्ही त्यांना आयुष्यभर ऐकले. फक्त ओळखले नाही.

येथे एक आक्षेप आम्हांस दिसतो आणि तो रास्त आहे. हरमल, मांद्रे, मोरजी या गावांतील वाचक म्हणेल की, ‘पाश्चात्त्य संगीत’ म्हणून आमच्या वाट्यास आला तो रात्री-अपरात्रीचा दणदणाट. त्याचे कौतुक कसले करावयाचे? ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकास बंदी केली आहे, आणि तिच्या अंमलबजावणीसाठी नागरिकांना वारंवार न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आहे. हा संताप आम्ही समजू शकतो. परंतु दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. १९७० च्या सुमारास हणजुणेच्या वाळूवर परदेशी तरुण प्रत्यक्ष गिटार व ड्रम वाजवीत. गोवा गिल या नावाने ओळखला गेलेला, २०२३ साली मृत्यू पावलेला अमेरिकन त्यांतलाच. १९८० नंतरच्या दशकात वादक मागे पडले आणि ध्वनिफीत पुढे आली. पुढे तिचा उद्योग झाला, आणि पेडण्याचा रहिवासी त्या उद्योगात खोली भाड्याने देणारा झाला. वादक किंवा श्रोता म्हणून त्याला स्थान उरले नाही. जुन्या वादकांची मैफल म्हणजे हा दणदणाट नव्हे. ज्या वाद्यामागे वर्षांची मेहनत आहे आणि ज्याच्यापुढे श्रोता बसून ऐकतो, ते वाद्य दहाच्या आत आटोपते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. लॉर्नाबाई परतू शकल्या, कारण त्यांच्या तबकड्या होत्या. त्या गप्प असताना त्यांचा आवाज घरोघर फिरत राहिला. पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा श्रोता अगोदरच तयार होता. ख्रिस पेरी २००२ साली निवर्तले. तरी त्यांची गाणी घेऊन २०१४ साली ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट उभा राहिला आणि कोकणीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. जे मुद्रित झाले तेच परतले. ही गोष्ट आमच्या परंपरेलाही लागू आहे. फोंड्याजवळच्या केरी गावच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणास फारशा राजी नसत; तरी जे थोडे मुद्रित झाले, त्यातील साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. जे मुद्रित झाले नाही ते त्यांच्याबरोबरच गेले.

पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील वयोवृद्ध पेटीवादक, पखवाजवादक, दशावताराला साथ करणारे, संगीत नाटकात ऑर्गनवर बसलेले, आणि पुढच्या काळात जत्रेच्या ऑर्केस्ट्रात विजेची गिटार वा अ‍ॅकॉर्डियन वाजविलेले तरुण, जे आता आजोबा झाले आहेत, यांच्यापैकी कितीजणांचे वादन कोणी टिपून ठेवले आहे? बार्देसच्या बीट वादकाजवळ निदान एखादी तबकडी, निदान सुरांचा लिहिलेला कागद असतो. आमच्या वादकाजवळ केवळ स्मरण असते, आणि स्मरणाची मुदत माणसाच्या आयुष्याहून मोठी नसते. सत्काराची शाल आणि श्रीफळ देऊन आम्ही त्यांना मोकळे करतो. शालीने सूर टिकत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. साखळीचे रवींद्र भवन डिचोली तालुक्यातच आहे. कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे दोन्ही विभाग आहेत. पणजी आकाशवाणीजवळ ध्वनिमुद्रणाची साधने आणि अनुभव दोन्ही आहेत. या तिघांनी मिळून वर्षातून एकदा जुन्या वादकांची पुनर्भेट घडवावी. शिवोलीचा गिटारवादक आणि पेडण्याचा पखवाजवादक एकाच व्यासपीठावर यावेत. प्रत्येकाने आपले वाजवावे आणि दुसऱ्याचे ऐकावे. दोघांचे मिश्रण करण्याचा हट्ट कोणी धरू नये. शेजार पुरेसा आहे. मात्र दोन अटी असाव्यात. पहिली ही की, जे वाजेल ते सर्व नीट मुद्रित होऊन लोकांस ऐकण्यासाठी खुले राहावे. दुसरी ही की, प्रत्येक वृद्ध वादकाशेजारी त्याचा एक शिष्य, मुलगा, मुलगी वा नात बसलेली असावी, आणि शेवटची चीज त्या मुलाने किंवा मुलीने वाजवावी.

याला फार मोठा खर्च लागत नाही. मोपाच्या पठारावर विमानतळ उभा करणाऱ्या आणि किनाऱ्यावर करमणुकीचे महोत्सव भरू देणाऱ्या राज्याला एका संध्याकाळचा भार जड नाही. लागते ती निकड. लंडनमध्ये त्या रात्री बापाचे आसन रिकामे होते. पण ते भरणारा मुलगा बापाचे वादन ऐकून तयार झालेला होता, म्हणून सोहळा झाला. आमच्या गावागावांतील आसने एकेक करून रिकामी होत आहेत. त्यावर कोण बसणार हा प्रश्न वादक हयात असतानाच विचारावयाचा असतो. येत्या जत्रेच्या हंगामात, देवळाच्या सभामंडपात कोपऱ्यात बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्या पेटीवाल्यापाशी कोणी ध्वनिमुद्रक घेऊन बसला, तरी आम्ही म्हणू की आरंभ झाला.