दारं वाढली, डौल तसाच राहिला

जुन्या आलिशान गाड्यांच्या मेळाव्यात गर्दी कुठे जमणार, हे आधीच सांगता येतं. मुंबईत फोर्टात रविवारी सकाळी व्हिंटेज गाड्या ओळीनं लागल्या, की दोन दारांच्या कूपेभोवती आणि उघड्या टपाच्या गाड्यांभोवती मोबाइल उंचावतात. त्याच कंपनीची, त्याच काळातली चार दारांची सलून शेजारी उभी असते. तिच्याकडे लोक जाता जाता बघतात. बाजारही गर्दीच्याच मागून चालतो. बेंटलेची आर-टाइप सलून आणि तिच्याच घराण्यातली दोन दारांची आर-टाइप कॉन्टिनेंटल यांच्या किमतींत आज दहा पटींहून अधिक अंतर आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगायची तर, दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स-रॉइससारख्या कंपन्या चॅसी आणि इंजिन विकत, बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बांधून घेई. शोफर ठेवून मागच्या सीटवर बसणाऱ्या मालकाला चार दारं हवी असत, स्वतः स्टिअरिंग धरणाऱ्याला दोन पुरत. पुढे चॅसी आणि बॉडी एकजीव झाल्या, १९६५ मध्ये रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो आली आणि कोचबिल्डरांचे दिवस सरत गेले.

आता मूळ विषय, म्हणजे बेंटलेची कॉन्टिनेंटल. १९५२ मध्ये ही गाडी बाजारात आली, तेव्हा चार माणसांना आरामात नेणारी याहून वेगवान गाडी कारखान्यात बनत नव्हती. आयव्हन एव्हर्नडेन यांनी प्रकल्प हाती घेतला, रेषा जॉन ब्लॅचली यांच्या, आणि बॉडी घडवली एच. जे. मुलिनर या लंडनच्या कोचबिल्डरनं. नमुना गाडीचा नंबर ओएलजी ४९०, म्हणून तिचं नाव ‘ओल्गा’ पडलं. पॅरिसजवळच्या मोंलेरी ट्रॅकवर तिनं ताशी सुमारे १९० किलोमीटरची सरासरी राखली.

हा वेग एकट्या इंजिनाचा नव्हता. इतक्या वेगात जड गाडीचं वजन पेलतील असे टायर त्या काळी नव्हते, त्यामुळे प्रत्येक किलो वाचवणं भाग होतं. बॉडी ॲल्युमिनियमची झाली, बंपर आणि सीटचे सांगाडेही ॲल्युमिनियमचे झाले. छप्पर काचेपासून मागच्या टोकापर्यंत एका लांब उतारानं नेलं, म्हणजे वारा अडू नये. अशा उतारात मागच्या प्रवाशासाठी स्वतंत्र दार बसवणं कठीण, म्हणून दारं दोन. अवघ्या २०८ गाड्या बनल्या आणि त्यांतल्या बहुतेकांची बॉडी मुलिनरचीच होती.

पुढच्या एस मालिकेत मात्र ठिणगी पडली. कॉन्टिनेंटल म्हणजे दोन दारं, हा कंपनीचा दंडक होता. मुलिनरचे प्रमुख आर्थर टॅलबॉट जॉनस्टोन यांचं म्हणणं वेगळं होतं: कॉन्टिनेंटलचा वेग हवा, पण बायकामुलांना पुढची सीट वाकवून मागे शिरायला लावायचं नाही, असे ग्राहक होतेच. त्यांनी कंपनीला राजी केलं आणि १९५७ मध्ये चार दारांची कॉन्टिनेंटल रस्त्यावर आली. जॉनस्टोन घराण्याच्या चिन्हातल्या पंख असलेल्या ‘स्पर’वरून, म्हणजे घोडेस्वाराच्या टाचेला लावायच्या आरेवरून, तिला ‘फ्लाइंग स्पर’ हे नाव मिळालं.

या गाडीसमोर थांबून नीट पाहावं. चाकांमधलं अंतर दोन दारांच्या कॉन्टिनेंटलइतकंच, १२३ इंच. तेवढ्यातच मधला खांब, मागचं दार, त्याची बिजागरी आणि बसणाऱ्याच्या डोक्यावर पुरेशी जागा, हे सगळं सामावलंय. तरीही पुढच्या मडगार्डावरून निघालेली रेषा दोन्ही दारांवरून न अडखळता मागे जाते. ॲल्युमिनियमचा पत्रा हातानं ठोकून हा बाक काढणाऱ्या कारागिरांचं कौतुक करावं तेवढं थोडं. कूपेत छप्पर लवकर उतरवता येतं, तिथं डौल साधणं तुलनेनं सोपं. चार दारांत तो राखणं ही खरी परीक्षा, आणि फ्लाइंग स्पर त्यात पहिल्या वर्गात उत्तीर्ण होते.

तिच्या मागच्या सीटनं इतिहासही पाहिलाय. रोलिंग स्टोन्सचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सकडे १९६५ ची निळी एस-३ फ्लाइंग स्पर होती. गायिका लीना हॉर्नच्या नावावरून तिचं नाव ‘ब्लू लीना’. १९६७ मध्ये तिच्यातून मंडळी फ्रान्स-स्पेनमार्गे मोरोक्कोला निघाली. स्टिअरिंग टॉम कीलॉककडे, गाडीत त्याच बँडमधला ब्रायन जोन्स आणि त्याची मैत्रीण अनिता पॅलेनबर्ग. वाटेत ब्रायन आजारी पडून तुलूझच्या इस्पितळात राहिला. प्रवास पुढे चालू राहिला आणि कीथ व अनिता यांचं त्याच प्रवासात जमलं.

अमेरिकेतही दोन दारं की चार, हा प्रश्न उभा राहिला. डिझायनर एलवूड एंगल यांनी दोन दारांच्या फोर्ड थंडरबर्डसाठी केलेला आराखडा फोर्डचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या नजरेत भरला आणि त्याला चार दारं द्यायचं ठरलं. तीच १९६१ ची लिंकन कॉन्टिनेंटल. योगायोग असा, की तिच्याही चाकांमधलं अंतर १२३ इंचच. मागच्या दारांची बिजागरी मागच्या कडेला बसवली. मागून उतरताना पाय दाराला आपटत, म्हणून ही युक्ती काढल्याचं सांगतात. चार दारांची उघड्या टपाची गाडीही तिनं दिली. या मॉडेलात दोन दारं परतली ती थेट १९६६ मध्ये.

मधला खांबच काढून टाकण्याचा मोह अनेकांना झाला. पॉल ब्राक यांची १९६१ ची मर्सिडीज २२० एसई कूपे यात सर्वांत यशस्वी: चारही काचा खाली केल्या, की बाजूला एकही दांडा उरत नाही. सोबतच्या सलूनची मागची, माशाच्या परांसारखी टोकं १९६५ नंतर मुख्य मॉडेलांतून गेली, कूपेची बॉडी मात्र १९७१ पर्यंत चालली. फ्रान्सच्या फासेल व्हेगानं एक्सलन्समध्ये तोच प्रयोग चार दारांवर केला. दारं फक्त खालच्या पट्टीला अडकत, त्यामुळे लांब, जड सांगाडा वळणावर पिळवटला, की ती नीट बसेनाशी होत. सुमारे १५० गाड्यांवर प्रयोग थांबला.

सलूनकडे दुर्लक्ष झाल्याची किंमत त्या गाड्यांनीच मोजली आहे. जग्वारच्या कितीतरी मार्क सेव्हन सलून मोडल्या गेल्या, कारण त्यांचं सहा सिलिंडरचं एक्सके इंजिन सी-टाइपच्या प्रतिकृतींना चालतं. जुन्या बेंटले सलूनची बॉडी उतरवून वर दोन आसनांची उघडी बॉडी चढवण्याचा उद्योगही आजवर चालू आहे. मेळाव्यांच्या आयोजकांनी अभंग, मूळ बॉडीच्या चार दारांच्या गाड्यांसाठी वेगळा पुरस्कार ठेवला, तर मालकांना त्या जपायला कारण मिळेल. बेंटलेनं स्वतः हा प्रश्न मिटवलेला आहे: २००३ मध्ये दोन दारांची कॉन्टिनेंटल जीटी आली आणि २००५ मध्ये तिच्याच पायावर चार दारांची फ्लाइंग स्पर. तेव्हापासून दोघी एकाच दालनात शेजारी शेजारी विकल्या जात आहेत.