वेलांटीला कारण असते : मराठी लेखनातले गैरसमज आणि वस्तुस्थिती

लिहिताना हात थबकतो तो बहुधा ठरावीक जागीच. ‘आशिर्वाद’ की ‘आशीर्वाद’? ‘महत्व’ की ‘महत्त्व’? ‘गुरु’ की ‘गुरू’? अशा वेळी कोणी म्हणते, ‘चालतं हो, अर्थ कळल्याशी कारण!’ दुसरे कोणी सांगते की शुद्धलेखन म्हणजे निव्वळ पाठांतर, ते लहानपणी झाले नाही तर पुढे व्हायचे नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींमुळे लिहिणाऱ्याचे नुकसान होते. मराठी लेखनाचे नियम मोजके आहेत, आणि बहुतेक वेळा वेलांटीमागे, उकारामागे, जोडाक्षरामागे कारण असते. शब्द कुठून आला आणि तो कशाचा बनला, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली की बऱ्याचशा शंका जागच्या जागी मिटतात.

गैरसमज : मराठी जशी बोलतो तशीच लिहायची

वस्तुस्थिती : देवनागरी उच्चाराच्या पुष्कळ जवळ जाते, पण तंतोतंत उच्चार टिपत नाही. ‘सारे जग’ आणि ‘सुखाने जग’ या दोन ठिकाणी ‘ज’चा उच्चार वेगळा आहे, अक्षर मात्र एकच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतल्या ‘च’चेही तेच. ‘श’ आणि ‘ष’ आज कानाला सारखेच लागतात. शब्दाच्या शेवटचे इकार-उकार आपण बोलताना लांबवतो, त्यामुळे ‘आणि’ ह्रस्व आहे आणि ‘पाणी’ दीर्घ आहे हे ऐकून कळणार नाही.

‘ऋ’चा उच्चार आपण ‘रु’सारखा करतो. त्यातूनच ‘गृह’ आणि ‘ग्रह’ यांची गल्लत होते. घराशी संबंध असेल तेथे ‘गृह’ : गृहपाठ, गृहिणी, वसतिगृह. घेण्याचा, धरण्याचा अर्थ असेल तेथे बहुधा ‘ग्रह’ : ग्रहण, संग्रह, आग्रह. पण त्याच धातूचे ‘घेतलेले’ या अर्थाचे रूप ‘गृहीत’ असे होते. म्हणून ‘ग्रहित धरणे’ चूक, ‘गृहीत धरणे’ बरोबर. ‘अनुग्रह’ झाला तो माणूसही ‘अनुगृहीत’च होतो.

गैरसमज : नियम शेकडो आहेत, ते कोणाच्या लक्षात राहणार?

वस्तुस्थिती : नियम अठरा आहेत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. काही नियम तर एका ओळीचे आहेत. गावाच्या नावातले ‘पूर’ दीर्घ लिहावे : सोलापूर, नागपूर. ‘एकादा’ न लिहिता ‘एखादा’ लिहावे. ‘रहाणे, पहाणे, वहाणे’ न लिहिता ‘राहणे, पाहणे, वाहणे’ लिहावे. आज्ञार्थात मात्र ‘पाहा’ आणि ‘पहा’ दोन्ही चालतात. ‘क्वचित, कदाचित, अर्थात’ यांच्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडू नये.

ह्रस्व-दीर्घाचा गाभाही थोडक्यात सांगता येतो. शब्दाच्या शेवटी इकार-उकार आला तर तो दीर्घ : पाटी, चाकू, कवी, गुरू. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’, ‘तथापि’ यांसारखी अव्यये अपवाद. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ह्रस्व : किडा, महिना, पाहुणा. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर आधीचा दीर्घ : गरीब, जमीन, फूल. प्रत्यय लागून रूप बदलले की तोच ह्रस्व होतो : गरिबाला, जमिनीवर, फुलात, सोलापुरात.

शेवटच्या अक्षराआधीच्या इकार-उकाराचा हा नियम संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, म्हणजे तत्सम शब्दांना लागू नाही. ते मुळाप्रमाणे राहतात. ‘मंदिर’, ‘गुण’, ‘मधुर’ ह्रस्वच. ‘पूजा’, ‘क्रीडा’ दीर्घच. ‘शरीर’चे ‘शरीरात’ आणि ‘संगीत’चे ‘संगीताचा’. ‘दिवा’ आणि ‘दिवाळी’ यांत ‘दि’ ह्रस्व असताना ‘दीप’ आणि ‘दीपावली’ यांत ‘दी’ दीर्घ का, याचे उत्तर हेच. ‘भुई’ मराठीत घडली, ‘भूमी’ संस्कृतातून आली. ‘मूल’ रडले तर आपण ‘मुलाला’ उचलतो, पण ‘मूलभूत’मधले ‘मूल’ तत्सम असल्याने दीर्घ राहते.

गैरसमज : एखादा शब्द एकदा दीर्घ ठरला की सगळीकडे दीर्घ

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त चुका येथे होतात. आपल्याला ‘गुरू’ माहीत असतो, म्हणून आपण ‘गुरूपौर्णिमा’ लिहितो. प्रत्यक्षात ‘गुरुपौर्णिमा’ बरोबर. संस्कृतात मूळ शब्द ह्रस्वान्त असेल, तर तो मराठीत सुटा आला की दीर्घ होतो, पण समासाच्या पूर्वपदी आला की पुन्हा ह्रस्व होतो. बुद्धी, पण बुद्धिबळ. शक्ती, पण शक्तिस्थळ. मृत्यू, पण मृत्युपत्र. कृषी, पण कृषिमंत्री. वस्तू, पण वस्तुस्थिती. मूळ शब्दच दीर्घान्त असेल तर समासातही दीर्घ राहतो : नदीकाठ, स्त्रीशिक्षण, लक्ष्मीपूजन.

एखादी लग्नपत्रिका या नजरेने वाचून पाहा. ‘सिद्धिविनायक प्रसन्न’ यात ‘सिद्धि’ ह्रस्व, कारण तो समास आहे. त्याच पत्रिकेतले ‘कार्य सिद्धीस नेण्यास’ मात्र दीर्घ, कारण तेथे सुट्या शब्दाला ‘स’ हा प्रत्यय लागला आहे. ‘प्रीतिभोजन’ ह्रस्व, कारण मूळ शब्द ‘प्रीति’. ‘वधूपिता’ दीर्घ, कारण ‘वधू’ संस्कृतातही दीर्घ. ‘चि. सौ. कां.’ मधल्या ‘कां’वर टिंब हवेच, कारण ते ‘सौभाग्यकांक्षिणी’चे संक्षिप्त रूप आहे. आणि ‘शुभाशीर्वाद’ यात ‘शी’ दीर्घ. एका पानात जवळजवळ सगळा नियम भेटतो.

‘विद्यार्थी, पक्षी, प्राणी, स्वामी’ या शब्दांची मूळ रूपे ‘विद्यार्थिन्, पक्षिन्, प्राणिन्, स्वामिन्’ अशी आहेत. समासात शेवटचा ‘न्’ गळतो आणि ह्रस्व इकार उरतो : विद्यार्थिवर्ग, पक्षिमित्र, प्राणिसंग्रहालय, स्वामिभक्ती. प्राणिसंग्रहालयाच्या कितीतरी फलकांवर हा ‘णि’ दीर्घ रंगवलेला दिसतो.

गैरसमज : ‘महत्त्व’मधला जादा ‘त’ ही पंडितांची हौस आहे

वस्तुस्थिती : तो ‘त’ जादा नाही. शब्द फोडून पाहिला की दिसतो. महत् + त्व = महत्त्व. तत् + त्व = तत्त्व. व्यक्तिमत् + त्व = व्यक्तिमत्त्व. पण ‘नेतृ’ आणि ‘बंधु’ यांच्या शेवटी ‘त्’ नाही, म्हणून ‘नेतृत्व’ आणि ‘बंधुत्व’ यांत एकच. तत् + ज्ञ = तज्ज्ञ, उत् + ज्वल = उज्ज्वल. उलट ‘स्रोत’ आणि ‘सहस्र’ यांच्या जोडाक्षरांत ‘त’ मुळातच नाही; ‘स्त्री’ आणि ‘स्तोत्र’ यांच्या सवयीने तो घुसतो.

फोड करण्याचा खरा लाभ शब्दांच्या कुटुंबांत दिसतो. सरकारी कचेरीत शेजारी शेजारी दोन पाट्या असतात : ‘अधिकारी’ आणि ‘अधीक्षक’. एकात ‘धि’ ह्रस्व, दुसऱ्यात ‘धी’ दीर्घ. संस्कृतात ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. अधि + ईक्षक, दोन इकार मिळून एक दीर्घ झाला : अधीक्षक. याच रीतीने परि + ईक्षा = परीक्षा आणि प्रति + ईक्षा = प्रतीक्षा; सम् + ईक्षा = समीक्षा आणि निर् + ईक्षण = निरीक्षण. ‘परिसर’, ‘परिणाम’, ‘प्रतिष्ठा’ यांत ‘ईक्ष्’ नाही, म्हणून ते ह्रस्व. एक धातू कळला आणि पाच शब्दांची वेलांटी कायमची पक्की झाली.

‘लक्षाधीश’ होतो म्हणून ‘कोट्याधीश’ होत नाही. लक्ष + अधीश यांत दोन ‘अ’ मिळून ‘आ’ होतो. कोटि + अधीश यांत ‘इ’चा ‘य्’ होऊन त्यात ‘अ’ मिसळतो, म्हणून ‘कोट्यधीश’. ‘अनुसया’ हे नाव मुळात अन् + असूया, म्हणजे ‘अनसूया’ : जिच्या मनात असूया नाही ती. ‘परंपरा’ला ‘इक’ लागताना फक्त पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणून ‘पारंपरिक’, ‘पारंपारिक’ नव्हे. आणि पहिला स्वर वाढायलाच हवा, म्हणून ‘व्यवसायिक’ नव्हे, ‘व्यावसायिक’.

गैरसमज : जास्त अनुस्वार म्हणजे जास्त शुद्ध

वस्तुस्थिती : ‘नांव, गांव, पांच, कांही’ ही जुन्या पिढीची रूपे त्या काळी चूक नव्हती. ‘पंच’पासून ‘पांच’ आला, ‘ग्राम’पासून ‘गांव’, आणि मूळ अनुनासिकाची ती खूण लेखनात टिकली होती. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे असे अनुस्वार काढून टाकले. केशवसुतांपूर्वीची कविता आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपर्यंतचे गद्य मात्र मुळाप्रमाणे छापावे, असेही नियमच सांगतो.

आज अनुस्वार हवा तो स्पष्ट उच्चारला जातो तेथे, आणि अनेकवचनी किंवा आदरार्थी रूपाला प्रत्यय लागतो तेथे. ‘शिक्षकाचा सत्कार’ एकाचा, ‘शिक्षकांचा सत्कार’ अनेकांचा. ‘आजोबाने सांगितले’ यात आदर हरवतो. ‘आजोबांनी’ लिहिले की परत येतो. संवादात ‘असं केलं’ आणि इतर लेखनात ‘असे केले’ असा संकेत आहे. एकाच परिच्छेदात कारणाशिवाय दोन्हींची सरमिसळ करू नये.

गैरसमज : वेलांटी चुकली तरी अर्थ तोच राहतो

वस्तुस्थिती : ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. ‘शिला’ म्हणजे दगड, ‘शील’ म्हणजे चारित्र्य. ‘मिलन’ म्हणजे भेट, ‘मीलन’ म्हणजे मिटणे. ‘प्रसाद’ हातावर घेतात, ‘प्रासादा’त राजे राहतात. यांतले दोन्ही शब्द कोशात असल्याने संगणकाची तपासणी अशी चूक सहसा पकडत नाही.

रफाराचेही तसेच. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरांत असतात. मागच्या अक्षरावर आघात होत असेल तर रफार, नसेल तर ‘ऱ्य’. ‘आचार्यांनी’ प्रवचन केले आणि ‘आचाऱ्यांनी’ स्वयंपाक केला, हा फरक तेवढ्या एका खुणेवर उभा आहे.

अर्थाची सर्वांत मोठी उलथापालथ ‘अपरोक्ष’ या शब्दाची झाली. ‘अक्ष’ म्हणजे डोळा, ‘परोक्ष’ म्हणजे डोळ्यांआड, आणि ‘अपरोक्ष’ म्हणजे प्रत्यक्ष, समोर. वेदान्तात ‘अपरोक्ष ज्ञान’ म्हणजे साक्षात अनुभव. तरी आपण ‘माझ्या अपरोक्ष निर्णय झाला’ असे म्हणून नेमके उलटे बोलतो. तेथे ‘परोक्ष’ किंवा सरळ ‘माझ्या माघारी’ लिहावे.

गैरसमज : बोली म्हणजे अशुद्ध मराठी

वस्तुस्थिती : या गैरसमजाने माणसे दुखावली आहेत, म्हणून तो ठामपणे खोडायला हवा. लेखनाचे नियम हे सर्वांनी एकसारखे लिहावे म्हणून केलेले संकेत आहेत. मालवणी, वऱ्हाडी, आगरी बोलणाऱ्याची भाषा त्यांमुळे उणी ठरत नाही. पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मोकळीक नियमांतच आहे. ‘शुद्धलेखन’ऐवजी ‘प्रमाणलेखन’ म्हणावे, असा आग्रह अनेक जण धरतात तो याच जाणिवेतून.

लिहिणाऱ्याच्या टेबलावर यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ किंवा अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’ असावा, आणि शंका आली की तो उघडण्याचा आळस नसावा. पण कोशापेक्षाही मोलाची आहे ती कारण विचारण्याची सवय. शाळेत ‘परिक्षा’वर लाल खूण करून गुण कापले जातात. तेवढ्यावर न थांबता परि + ईक्षा अशी फोड फळ्यावर मांडून दाखवली, तर ते मूल ‘समीक्षा’, ‘प्रतीक्षा’ आणि ‘अधीक्षक’ कोणी न सांगता बरोबर लिहील. आपली भाषा कळते आहे, हा आत्मविश्वास मुलांना यातूनच मिळतो, आणि तो प्रत्येक मराठी मुलाच्या हक्काचा आहे.