शत्रू नसलेली गढी

तीन गोल बुरूज, वर चर्या, कोपऱ्यांतून डोकावणारी दगडी विक्राळ तोंडं. किल्ल्याला लागतं ते सगळं ब्रॉडवे टॉवरला आहे. नाही तो फक्त शत्रू. इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांत, समुद्रसपाटीपासून १,०२४ फुटांवर ही गढी १७९९ साली बांधून झाली, तेव्हा तिच्यावर चाल करून येईल असं कुणी आसपास नव्हतंच. अशा हौशी बांधकामाला इंग्रज ‘फॉली’ म्हणतात. या शब्दाचा दुसरा अर्थ सरळ मूर्खपणा.

गोष्ट सांगतात ती अशी: आपल्या वाड्यातून ही टेकडी दिसते का, हे पाहायला लेडी कॉव्हेंट्रीने माथ्यावर जाळ करायला लावला. तो दिसला, आणि बाईंनी तिथे बुरूजच उभा करवला. खरं-खोटं कोण जाणे. पण बुरूज पाहिला की गोष्ट पटते. कल्पना बागा आखणाऱ्या ‘केपेबिलिटी’ ब्राउनची, आराखडा वास्तुकार जेम्स वायटचा.

पुढे सर थॉमस फिलिप्स याने इथे छापखाना थाटला. जगातल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत आपल्याकडे हवी, असा ध्यास घेतलेला हा गृहस्थ. एका फॉलीला याहून शोभणारा भाडेकरू मिळाला नसता!

१८७६ मध्ये कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस इथे सहकुटुंब राहिला. सोय यथातथाच. पुरुषांची अंघोळ गच्चीवर, तीही पाणी पुरलं आणि वाऱ्याने साबण उडवला नाही तर, अशी आठवण त्याची मुलगी मे हिने लिहून ठेवली आहे. त्याच सुमारास बर्फर्डच्या चर्चचा ‘जीर्णोद्धार’ पाहून मॉरिस संतापला आणि पुढच्याच वर्षी जुन्या वास्तू वाचवणारी संस्था त्याने काढली. गंमत म्हणजे, कॅथीड्रलांच्या असल्याच जीर्णोद्धारामुळे ‘विध्वंसक’ हे टोपणनाव पडलेल्या वायटच्याच बुरुजात तो उतरला होता.

खरा पहारा इथे विसाव्या शतकात बसला. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं टिपायला रॉयल ऑब्झर्व्हर कोअरचे लोक आले. शीतयुद्धात त्यांच्यासाठी बुरुजाजवळच जमिनीखाली एक खोली बांधली गेली. अणुबॉम्ब पडलाच, तर त्याचा जोर किती, किरणोत्सारी धूळ कुठवर आली, हे मोजून कळवायचं काम. १९९१ मध्ये हे दल उठलं.

बुरुजाच्या गच्चीवरून सोळा परगणे दिसतात म्हणे. पहारेकऱ्यांच्या त्या खोलीला खिडकी नव्हती.