अर्बुदातील मूलपेशी आणि उपचारांस होणारा प्रतिरोध

परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या काळ्या शिवारात लव्हाळ्याचा उपद्रव ज्याने पाहिला आहे, त्यास खुरपणीची मर्यादा समजावून सांगावी लागत नाही. वरची पाती कापली की रान स्वच्छ दिसते. परंतु जमिनीत राहिलेल्या गाठींतून थोड्याच दिवसांत नवे कोंब वर येतात. कर्करोगाच्या उपचारात असाच अनुभव वारंवार येतो. रसायनचिकित्सेने वा किरणोपचाराने अर्बुद आकसते, प्रसंगी तपासणीत दिसेनासेही होते. आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी रोग परततो, तोही पुष्कळदा पूर्वीच्या औषधास न जुमानणारा. या घटनेची मीमांसा करणाऱ्या विचारांपैकी मूलपेशींच्या सिद्धांताचा आशय व त्याच्या मर्यादा प्रस्तुत लेखात मांडावयाच्या आहेत.

जी पेशी विभाजनातून स्वतःसारखी पेशी निर्माण करून आपला साठा कायम राखते, आणि त्याचबरोबर विशिष्ट कार्यास वाहिलेल्या पेशींनाही जन्म देते, ती मूलपेशी होय. रक्त, त्वचा व आतड्याचे अस्तर यांचे नित्य नवीकरण अशा पेशींवरच अवलंबून असते. अर्बुदातही अशीच उतरंड असते, असे हा सिद्धांत मानतो. अर्बुदातील बहुसंख्य पेशींची वाढीची शक्ती मर्यादित असते. संपूर्ण अर्बुद पुन्हा उभे करण्याचे सामर्थ्य मात्र थोड्याच पेशींच्या ठायी असते. टोरांटो येथील जॉन डिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ व १९९७ मध्ये तीव्र रक्तकर्काच्या पेशी प्रतिकारशक्तिहीन उंदरांत घालून या कल्पनेस प्रायोगिक आधार दिला. पुढे २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठात स्तनाच्या कर्करोगातील विशिष्ट पृष्ठखुणा धारण करणाऱ्या अवघ्या १०० पेशींपासून उंदरात अर्बुद निर्माण झाले. त्या खुणा नसलेल्या हजारो पेशी घालूनही ते झाले नाही.

या संशोधनात महाराष्ट्राचा वाटा लक्षणीय आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगातील मूलपेशीसदृश पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. रोग बळावलेल्या एका रुग्णाच्या जलोदराच्या पाण्यातून मिळालेल्या संमिश्र पेशींतून त्यांनी अर्बुदजनक पेशीवंश वेगळा केला; दुसऱ्या एका वंशाचे तसे रूपांतर संवर्धन चालू असतानाच आपोआप घडून आले. या वंशांपासून प्राण्यांत उत्पन्न झालेली अर्बुदे रचनेने मानवी रोगासारखीच होती, आणि एका प्राण्यातून दुसऱ्यात क्रमाने रोपण केल्यावरही त्यांची अर्बुदजनक शक्ती टिकून राहिली. स्वतःचा साठा राखण्याच्या गुणाची ही कसोटी होय.

अशा पेशी उपचारांतून बचावतात त्या कशा? पहिले कारण त्यांच्या मंद गतीत आहे. रसायनचिकित्सेची बहुतेक जुनी औषधे विभाजन पावत असलेल्या पेशीवर आघात करतात. जी पेशी सुप्तावस्थेत आहे ती त्या आघातातून सुटते. दुसरे कारण पेशीपटलावरील प्रथिनांचे पंप हे होय. ते आत शिरलेले औषध ऊर्जा खर्चून बाहेर टाकतात. तिसरे कारण डीएनएच्या दुरुस्तीचे आहे. मेंदूच्या ग्लायोमा अर्बुदातील मूलपेशी किरणांनी झालेली इजा ओळखणारी यंत्रणा इतर पेशींहून अधिक तत्परतेने कार्यान्वित करतात, असे २००६ मध्ये ड्यूक विद्यापीठातील प्रयोगांत आढळले. याशिवाय अर्बुदाच्या ज्या भागांत प्राणवायू कमी असतो, तेथे किरणांचा परिणामही कमी होतो.

रुग्णांच्या बाबतीत दीर्घकालीन मज्जाजन्य रक्तकर्काचे उदाहरण बोधप्रद आहे. इमॅटिनिब या औषधाने या रोगाचे भवितव्य पालटले. तथापि ज्यांच्या रक्तात रोगाची जनुकीय खूण किमान दोन वर्षे सापडली नव्हती, अशा रुग्णांचे औषध फ्रान्समध्ये थांबवून पाहण्यात आले. २०१० च्या वृत्तांतानुसार वर्षभराहून अधिक निरीक्षण झालेल्या ६९ रुग्णांपैकी ४२ जणांत रोग परतला. पैकी ४० जणांत तो पहिल्या सहा महिन्यांतच परतला. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते. परंतु उरलेल्या रुग्णांत त्या काळात रोग परतला नाही, हेही तितकेच विचारणीय आहे.

आता आक्षेपांकडे वळू. मूलपेशी विरळाच असतात हे गृहीत सर्वत्र खरे ठरलेले नाही. २००८ मध्ये मिशिगन येथेच, अधिक प्रतिकारशक्तिहीन उंदीर वापरले असता, त्वचेच्या मेलॅनोमा अर्बुदातील सुमारे चौथा हिस्सा पेशी एकेकट्या घालूनही अर्बुद निर्माण करू शकल्या. म्हणजे आपण मोजतो ते पेशीचे सामर्थ्य की प्रयोगाची मर्यादा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला पाहिजे. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. पुण्याच्याच गटाने २००९ मध्ये दाखविले की, स्नेल व स्लग ही नियामक प्रथिने बीजांडकोशाच्या कर्कपेशींना किरण व पॅक्लिटॅक्सेल यांच्या आघातातून तारतात. पी-५३ प्रथिनाच्या द्वारे होणारा पेशीमृत्यू ती रोखतात आणि पेशीस मूलपेशीसदृश रूपही देतात. याचा अर्थ असा की, मूलपेशीत्व ही जन्मजात जात नसून परिस्थितीनुसार प्राप्त होणारी अवस्था असू शकते. येथे लव्हाळ्याची उपमा संपते. कारण कापलेल्या पात्याची गाठ होत नाही.

या भेदाचे व्यवहारातील महत्त्व मोठे आहे. मूलपेशी ही स्थिर जात असती, तर तेवढ्याच पेशी मारणारे औषध पुरेसे झाले असते. अवस्था बदलती असल्यास केवळ मूलपेशींवरचा मारा अपुरा पडेल, कारण उरलेल्या पेशी ती जागा भरून काढू शकतील. म्हणून अर्बुदाचा मुख्य भार कमी करणारे उपचार आणि अवस्थांतर रोखणारे उपचार एकत्र योजावे लागतील. औषधाचे मूल्यमापनही केवळ अर्बुदाच्या आकसण्यावरून करून भागणार नाही. मागे राहिलेल्या पेशींत पुन्हा वाढण्याची शक्ती किती आहे, हे तपासावे लागेल. ताडकळससारख्या गावातून उपचारासाठी मुंबई गाठणाऱ्या रुग्णाचा प्रश्न ‘गाठ गेली का?’ एवढाच नसतो. ‘ती पुन्हा येईल का?’ हाही असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने आपल्यापाशी आहेत. दुसऱ्याचे उत्तर देणारी साधने घडविणे हे या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढील कार्य होय.